पंखा बदलण्याआधी

गाडीच्या रेडिएटरचा पंखा बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो का बंद पडला हे शोधायला कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पण शोधण्याची मजुरी बिलात लिहायची पद्धत आपल्याकडे नाही. बिलात येतो तो सुटा भाग. मग भाग बदलला जातो आणि कारण गाडीतच राहतं. हे चालवून घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी टर्बो असेल तर मुळीच नको.

सध्या माझं पोस्टिंग चेन्नईत आहे, मुक्काम सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी. इथून गिंडीकडे जायचं तर कत्तिपारा चौक चुकत नाही. २००८ साली तिथे भलामोठा उड्डाणपूल झाला, तरी संध्याकाळी गिंडी स्टेशनपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनीच सरकतात. मे महिन्यातल्या कडक आठवड्यांना इथले लोक 'कत्तिरी' म्हणतात. पारा चाळिशीच्या वर जातो आणि समुद्रावरचा वारा यायला उशीर झाला की डांबरावरची हवा हलत नाही. पंख्याची खरी परीक्षा तिथे होते. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला पंख्याची फारशी गरज नसते, समोरून घुसणारी हवाच रेडिएटर थंड ठेवते. उभ्या गाडीत मात्र सगळा भार पंख्यावर येतो.

त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, आणि बऱ्याच टर्बो गाड्यांत इंटरकूलरही त्याच गर्दीत. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गरम वायूंवर फिरणारी चक्की, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी. तिचं बेअरिंग तेलावर तगतं आणि बहुतेक पेट्रोल गाड्यांत कूलंटवरही. म्हणूनच अशा अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा पंखा काही वेळ फिरत राहतो. बॅटरी उतरेल म्हणून घाबरणारे लोक मी पाहिलेत. तो फिरतोय म्हणून आनंद माना.

पंखा आजारी असल्याची खूण सोपी आहे. गाडी पळत असताना काटा जागेवर आणि एसी गार. सिग्नलला थांबलं की काटा वर आणि एसीतून कोमट हवा. पुन्हा पळवली की सगळं ठीक. काटा लाल पट्ट्यात गेला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण उघडायच्या फंदात पडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं. आणि 'अजून दोन किलोमीटर' म्हणून रेटलेल्या गाडीची हेड गॅस्केट गेली की पंख्याचा खर्च किरकोळ वाटायला लागतो.

आमच्याकडच्या एका तरुण कॅप्टनची गाडी नेमकी अशी वागू लागली. सेकंडहँड घेतलेली छोटी टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कार, दोघांची सोय आणि चौघांची गैरसोय असलेली. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की चर्चा पंख्याची राहणार नाही. त्याची बदली पुण्याला झाली होती. दहा दिवसांत बायको आणि वर्षाची मुलगी घेऊन बंगळुरू-कोल्हापूरमार्गे सुमारे बाराशे किलोमीटर जायचं होतं. एका मोठ्या वर्कशॉपमधून तो थेट माझ्याकडे आला.

"सर, पूर्ण असेंब्ली बदलायला सांगतायत. सव्वीस हजार."

"का बंद पडला, ते विचारलंस?"

"विचारलं सर. म्हणाले, स्कॅनरवर पंख्याचा कोड आलाय."

कोडचा अर्थ एवढाच की पंख्याच्या सर्किटमध्ये कुठेतरी बिघाड आहे. फ्यूज, रिले, कंट्रोल मॉड्यूल, प्लग, अर्थिंग, मोटार, यातलं काहीही असू शकतं. स्कॅनर गल्ली दाखवतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं.

गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ सालची, देशातल्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. तिच्या आसपास अजूनही मोटारी रिवाइंड करणारी, बुश खरादणारी माणसं सापडतात. त्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आम्ही गेलो. वय साठीचं. सगळे त्यांना 'मेस्तिरि' म्हणतात. आपल्या कोकणातला मेस्त्री तोच, दोघेही पोर्तुगीजांकडून आलेले. त्यांनी आधी एसी लावला आणि पंखा कमी वेगाने सुरू होतो का ते बघितलं. झाला नाही. मग मोटारीला बॅटरीवरून थेट वीज दिली. फिरला, पण घरघरत. क्लॅम्प मीटरवर वीस अँपिअरच्या आसपास आकडा हवा होता, तिथे तीसच्या जवळ दिसला. प्लग काढला तर एक पिन तपकिरी आणि प्लास्टिक वितळलेलं. शेवटी इंजिन चालू ठेवून पंख्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर जवळजवळ चौदा, मोटारीपाशी साडेअकरा. अडीच व्होल्ट वाटेतच गळत होते. थोडे जळक्या प्लगमध्ये, बाकीचे बॉडीला जोडलेल्या अर्थिंगमध्ये, जिथे खाऱ्या हवेने पांढरट-हिरवट थर धरला होता.

म्हणजे पंखा बदलायला हवा होताच. वर्कशॉपचं निदान भाग सांगण्यापुरतं बरोबर होतं. पण बुश झिजल्यामुळे मोटार जड झाली होती, जड मोटार जास्त करंट ओढत होती आणि त्या करंटने प्लग जाळला होता. नवा पंखा त्याच जळक्या प्लगला आणि गंजक्या अर्थिंगला जोडला असता, तर प्लग पुन्हा तापत राहिला असता, आणि तो कदाचित धारवाडच्या पुढे कुठेतरी रात्री वितळला असता, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली असताना.

बदलण्याचं काम थोडक्यात सांगतो. गाडी पूर्ण थंड हवी. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण हा पंखा चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो आणि बोटं ओळखत नाही. या गाडीत इंटरकूलरचा एक पाइप सोडवावा लागला. मेस्तिरिंनी रेडिएटरच्या जाळीवर पुठ्ठा सरकवला, मगच आवरणासकट पंखा वर ओढला. नाजूक पत्र्या दुमडल्या तर हवेची वाट बंद होते. नवा बसवताना आवरणाच्या कडेची रबरी पट्टी जागेवर आली पाहिजे, नाहीतर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूच्या फटीतून ओढतो. इंटरकूलरच्या पाइपचा क्लॅम्प सैल राहिला तर टर्बोचा जोर जातो. नवा प्लग, जाड वायर, घासून साफ केलेलं अर्थिंग. मग एसी बंद ठेवून इंजिन आयडलिंगला, आणि पंखा आपणहून दोनदा सुरू होऊन दोनदा थांबेपर्यंत कुणी जागेवरून हलायचं नाही.

शेजारच्या टपरीवरून एक सल्ला मिळालाच: "सार, डायरेक्ट पण्णिडलाम." म्हणजे पंखा थेट चावीला जोडायचा, कायम फिरत राहील. महाराष्ट्रातही हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो, जोडीला 'थर्मोस्टॅट काढून टाका' हेही. मला दोन्हींचा राग आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, तेलही लवकर बिघडतं. आणि डायरेक्ट केलेला पंखा चावी काढताच थांबतो, नेमका टर्बोला त्याची गरज असते तेव्हा.

पण टपरीवाल्याला तरी किती दोष द्यायचा? त्याला वायरिंगचा नकाशा मिळत नाही, अस्सल भाग मिळत नाही, स्कॅनर परवडत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. माझ्या मते पोर्टल पुरेसं नाही. जी कंपनी गाडी विकते तिने सर्किटचा नकाशा आणि कोडचा अर्थ कुणालाही रास्त पैशांत दिला पाहिजे. ज्या युनिट्समध्ये मी काम केलं तिथे सुटा भाग मागायला गेलं की पहिला प्रश्न असायचा: जुना कुठे आहे आणि कशाने गेला? नागरी ग्राहकाने हाच प्रश्न विचारला तर काउंटरवरचा माणूस त्याच्याकडे संशयाने बघतो.

मेस्तिरिंनी संध्याकाळी बिल लिहिलं. पंखा, प्लग, वायर, बसवण्याची मजुरी. सकाळचे दोन तास मीटर घेऊन वाकले होते, त्याची ओळच नव्हती. कॅप्टनने विचारलं तर हसले: "पार्त्तदुक्कु एन्न काशु, सार?" बघण्याचे कसले पैसे? आम्ही ती ओळ लिहायला लावली. तपासणी, पाचशे रुपये.