नुसतं ‘पारंपरिक’ नको

लग्नसराई आली की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घाण्याचे व्हिडिओ येऊ लागतात. एरवी परसात पडलेलं जातं धुऊन-पुसून पुढे येतं, त्याला हळदीकुंकू लागतं, खुंट्याला सुवासिनींचे हात लागतात आणि एखादी आजी ओवी धरते. व्हिडिओखाली लिहिलेलं असतं : ‘पारंपरिक ओवी, नक्की ऐका.’ आजी कोण, कुठली, काही पत्ता नाही. बदामांची मात्र खैरात होते आणि आपण संस्कृती जपल्याचं समाधान घेऊन पुढच्या व्हिडिओकडे वळतो.

जतन म्हणजे काय, ते पाहायचं असेल तर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उघडावा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुढे इथलेच झालेले गी पॉइटवाँ यांनी हे काम उभं केलं. मुळशीच्या डोंगरातल्या बायकांपासून सुरुवात झाली आणि राज्यभरातल्या गावांमधून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आधी सगळं हातानं, कागदावर. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे अभ्यासक आले, त्यांनी ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण केलं. तेही अशा वेळी, की गावोगाव विजेची गिरणी पोचली होती आणि पहाटेचं दळण संपत आलं होतं. दळणच नाही, तर ओवी सुचायची कशी?

हा संग्रह आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका, जात, वय, मुलं किती, ध्वनिमुद्रण कधी झालं, हे सगळं दिलेलं असतं. मला विचाराल तर खरी दौलत ही नोंद आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे गाताना ऐकाव्यात. आवाज काळीज कापत जातो. पण नोंद नसती, तर त्या आपल्यासाठी ‘कुणीतरी म्हातारी’ एवढ्याच उरल्या असत्या. बाबासाहेबांवरच्या ओव्या घ्या. त्या रचणाऱ्या बाया कुठल्या गावच्या, कुठल्या समाजाच्या, हे कळल्याशिवाय त्या ओव्यांचा अभिमान आणि त्यामागचा इतिहास हाती लागत नाही. ‘पारंपरिक’ म्हटलं की रचणारी बाई गायब होते. परंपरेचं श्रेय सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही.

तंत्रज्ञानावर मात्र फार भिस्त ठेवू नये. बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं ते डॅट नावाच्या टेपवर. त्या काळी ते अगदी आधुनिक तंत्र होतं. आज ती टेप वाजवणारी नवी यंत्रं बाजारात मिळत नाहीत. दगडाचं जातं चार पिढ्या टाकी लावून वापरता येतं, टेप एक पिढीही टिकत नाही. हा संग्रहसुद्धा आधी गुरगावच्या अभिलेखागारात आणि मग थेट दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या भांडारात जाऊन राहिला. मुळशीची ओवी फ्रान्सात सुखरूप राहिली, याचा आनंद मानायचा की आपल्याकडे तिला हक्काचं कपाट नव्हतं याची लाज, ते ज्यानं त्यानं ठरवावं. टिकली ती तिला वेळोवेळी नव्या घरी नेणारी माणसं होती म्हणून. फोनमधली फाइल फोनबरोबरच जाते, हे आपल्याला फोन बिघडल्यावर आठवतं.

दिवाळीत गावी गेलात आणि घरात ओव्या येणारी कुणी असेल, तर रेकॉर्डिंग सुरू करून आधी तिलाच बोलतं करा : नाव, सासर, माहेर, ओवी कुणाकडून शिकली. माहेर विसरू नका; ओवी अनेकदा बाईबरोबर तिकडूनच आलेली असते. गाव आणि तारीख फाइलच्या नावातच घाला, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारा. ओव्यांमध्ये सासूचे, नवऱ्याचे, भावजयीचे हिशेब असतात. ती ‘नको’ म्हणाली, तर टाकू नका, पण फाइल जपून ठेवा.