नाटककाराने तालमीत बसावे

शेतकरी व कारागीर बंधूंनो, नाटक हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्यातील पुष्कळ जाणती माणसे अजून म्हणतात. त्यांनी पुढील हकीकत ऐकावी.

जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गरोदर कुणबीण, तिला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि अखेर ते नवराबायको रात्रीच्या शाळेची वाट धरतात, असा त्यातील मजकूर. त्यापूर्वी बाराच वर्षे, १८४३ साली, सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकास राजाश्रय लाभला होता. कुणबिणीच्या गाऱ्हाण्यास तो कोण देणार? दक्षिणा प्राइज कमिटीने नाटक नाकारले व ते छापून निघाले १९७९ साली! १२४ वर्षे हस्तलिखित तसेच राहिले. कमिटीचा दोष आहेच; परंतु आमच्या मते खरी उणीव ही की, तेव्हा जोतीरावांपाशी चार सोंगाडे व एक ढोलकीवाला एवढीही आपली मंडळी नव्हती. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला, आणि पुढे त्याच्या जलसेवाल्यांनी तमाशाचा बाज घेऊन गावोगाव ती उणीव भरून काढली.

अण्णाभाऊ साठे यांचे उलट पाहा. वाटेगावच्या मांग घरात १९२० साली जन्म. शाळेची ओळख नावापुरती. परंतु हा मनुष्य तमाशाच्या फडात वावरलेला. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्यांची लोकनाट्ये. गणातील गणपतीच्या जागी त्यांनी मातृभूमीस व हुतात्म्यांस वंदन आणले. ज्या बावट्याखाली ते उभे होते त्याचा रंग कोणास रुचो वा न रुचो. पण कामगारांपुढे उभे राहून लिहिणाऱ्याचे वाक्य लोकांच्या तोंडी बसते, हे कबूल केलेच पाहिजे.

आम्ही मास्तर लोक येथेच फसतो. आमच्या गावच्या पोरांकरिता आम्ही सावकारीवर एक वग लिहिला. तालमीत लोहाराचा मुलगा म्हणाला, “गुरुजी, ही भाषा बुकातली आहे. आमचा बा कर्ज मागताना असा बोलत नाही.” मग बाप कसा बोलतो ते त्याने करून दाखविले. आम्ही आमची दोन पाने फाडली. राग आला होता, हेही सांगून टाकतो.

तो वग तयार झाला आणि जत्रेत त्यास जागा मिळाली नाही! पंचांनी वर्गणीचा मोठा वाटा बाहेरगावच्या आर्केस्ट्रास दिला. पोरांनी मागितले होते काय? एक रात्र, देवळापुढील ओटा आणि दिव्याची सोय. ज्या घरांनी वर्गणी दिली, त्यांचीच ही मुले. पुढल्या वर्षी त्यातील किती तालमीस येतील, याची आम्हांस धास्ती वाटते. ढोलकी वाजविणारा तर आताच कामाकरिता शहरात जाण्याची भाषा बोलू लागला आहे.

येत्या जत्रेच्या वर्गणीची बैठक बसेल तेव्हा बायाबापड्यांसह सर्वांनी हजर राहावे, व पैसे हातावर ठेवण्यापूर्वी पंचांस उघड विचारावे की, आमच्या पोरांची रात्र कोणती?