विकत घेतलेला खेळ कोणाचा?

खेळणें विकत घेतलें म्हणजे तें घेणाराचें झालें, या गोष्टींत शंका घेण्यासारखें कांहीं असेल असें आजवर कोणासहि वाटलें नव्हतें. भोंवरा घेतला कीं तो आपला. तो फिरवावा, शेजारच्या मुलास द्यावा, त्याच्या बदल्यांत चार गोट्या घ्याव्या, किंवा माळ्यावर टाकून विसरून जावा. दुकानदार पुन्हा दारीं येऊन तो मागत नाहीं. आजीच्या वेळचा सारीपाट पेटींतून काढला, कवड्या पुसल्या आणि चार माणसें भोंवतीं बसलीं कीं खेळ सुरू. पट शिवणारा कारागीर कधींच निवर्तला असेल, त्याचें दुकानहि मोडलें असेल. खेळास त्याची खबर नसते. ज्या व्हिडिओ गेमवर आमचें लहानपणापासून प्रेम आहे, त्या खेळाविषयीं मात्र आतां असें म्हणवत नाहीं. म्हणून चार शब्द विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याची इच्छा आहे.

व्हिडिओ गेम चांगले कीं वाईट, त्यांनीं डोळे बिघडतात कीं अभ्यास बुडतो, हा वाद येथें उकरून काढण्याचा आमचा विचार नाहीं. तो घरोघर जेवणाच्या वेळीं होतच असतो. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या वस्तूसाठीं वडिलांनीं तीन-चार हजार रुपये मोजले, ती वस्तु घरांत आली काय?

१९८३ सालीं जपानांतील निन्टेंडो कंपनीनें फॅमिकॉम नांवाचें यंत्र बाजारांत आणिलें. त्याचे खेळ प्लॅस्टिकच्या लहानशा डबींत येत, व डबींतील चिपमध्यें अथपासून इतिपर्यंत सगळा खेळ भरलेला असे. १९८५ सालचा 'सुपर मारियो ब्रदर्स' हा जगप्रसिद्ध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांचा आहे. आजच्या मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र त्याच्या कितीतरी पट मोठें असतें. जागा इतकी अपुरी, कीं त्यांतील आकाशांतले ढग आणि जमिनीवरचीं झुडपें हीं एकाच चित्राचीं दोन रूपें आहेत. फक्त रंग बदलला आहे. काटकसरीनें संसार करणाऱ्या गृहिणीस हें कौशल्य तत्काळ समजेल. पुढें १९९० नंतरच्या काळांत अशीं यंत्रें आपल्या गांवोगांवीं आलीं. त्यांतील पुष्कळशीं नकली होतीं व त्यांच्या डब्यांतले खेळ मूळ कर्त्यास न विचारतां उतरवून घेतलेले होते, हेंहि सांगितलें पाहिजे. त्या डबीस आपल्याकडील मुलें 'कॅसेट' म्हणत, जरी तिच्यांत फीत नव्हती. कॅसेट चालेनाशी झाली कीं तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची, हें शास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें, पण सर्वांस अवगत होतें.

त्या कॅसेटीमुळें एक गोष्ट सहज साधत असे. आज तुमची कॅसेट आमच्याकडे, उद्यां आमची तुमच्याकडे. दुसऱ्याची वस्तु जपून वापरणें, ठरल्या दिवशीं परत करणें, न केल्यास शब्द ऐकणें, हें सर्व त्या देवघेवींत येई. कंटाळा आलेली कॅसेट अर्ध्या किंमतीस विकून दुसरी घेतां येई. आप्पा बळवंत चौकांत गेल्या इयत्तेचीं पुस्तकें जशीं घेतां येतात, तशीच. ज्या घरीं नवीन खेळ परवडत नसे, त्या घरच्या मुलासहि तो मिळे, तो या वाटेनें.

ही वाट बंद करण्याचा एक उघड प्रयत्न २०१३ सालीं झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'एक्सबॉक्स वन' या नव्या यंत्रासंबंधीं जाहीर केलें, कीं यंत्रानें दर चोवीस तासांत एकदां इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लाविली पाहिजे, आणि खेळ दुसऱ्यास देण्यावर बंधनें राहतील. यावर गिऱ्हाइकांनीं मोठाच गहजब केला. प्रतिस्पर्धी सोनी कंपनीनें संधि साधून एक अगदीं लहान चित्रफीत प्रसिद्ध केली: एका गृहस्थानें दुसऱ्याच्या हातांत डिस्क दिली, दुसऱ्यानें आभार मानले, संपलें. मित्रास खेळ कसा द्यावा याचा हा धडा! थोड्याच दिवसांत, त्याच जून महिन्यांत, मायक्रोसॉफ्टनें तो बेत सोडून दिला.

परंतु जें दवंडी पिटून करतां आलें नाहीं, तें पुढें निमूटपणें होत गेलें. डिस्क मागें पडली. खेळ इंटरनेटवरून उतरवून घेण्याची रीत पडली. आणि उतरवून घेतलेला खेळ मित्रास उसना देतां येत नाहीं, कीं जुना म्हणून विकतां येत नाहीं. जून २०२५ मध्यें निन्टेंडोचें 'स्विच २' हें यंत्र निघालें. त्याच्या कांहीं खेळांची डबी विकत घेतली तर तिच्यांत खेळ नसतोच, खेळ उघडण्याची नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून आणावा लागतो. ही डबी दुसऱ्यास देतां येते, एवढें खरें. पण ज्या दिवशीं पलीकडचें कोठार बंद होईल, त्या दिवसानंतर ती नव्या यंत्रांत घालून उपयोग काय? आणि कोठारें बंद होतात. याच कंपनीनें २७ मार्च २०२३ रोजीं आपल्या 'वी यू' व 'थ्रीडीएस' या दोन जुन्या यंत्रांचें ऑनलाइन दुकान मिटविलें.

याहून कठीण प्रकार 'द क्रू' या खेळाचा. फ्रान्समधील युबिसॉफ्ट कंपनीनें हा मोटारशर्यतीचा खेळ डिसेंबर २०१४ मध्यें काढिला. अमेरिकेचा संपूर्ण देश लहान करून त्यांत बसविला होता, आणि न्यूयॉर्कहून निघून पश्चिम किनाऱ्यापर्यंत एकट्यानें गाडी हांकण्याचा आनंद त्यांत होता. मात्र एकट्यानें खेळतांनाहि कंपनीच्या सर्व्हरशीं, म्हणजे दूर ठेविलेल्या संगणकांशीं, संबंध लागे. ३१ मार्च २०२४ रोजीं ते संगणक बंद करण्यांत आले. त्या दिवसापासून ज्यांनीं पूर्ण किंमत देऊन डिस्क घेतली होती, त्यांच्या हातीं केवळ चकती उरली. तीवर ओरखडा नव्हता, यंत्र धड होतें, वीज होती. खेळ तेवढा नव्हता. हें पाहून रॉस स्कॉट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ आरंभिली, व जुलै २०२५ पर्यंत युरोपांतील दहा लाखांहून अधिक नागरिकांनीं तिच्या अर्जावर सह्या केल्या.

आपल्या मुलांसहि असा अनुभव आलेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें ज्या ११८ अॅपांवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता. ऑक्टोबरअखेर त्याचे सर्व्हरहि येथें बंद झाले. बंदी योग्य होती कीं नव्हती, हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. आमचें लक्ष आहे तें खाऊचे पैसे सांठवून घेतलेल्या त्या पोशाखांकडे आणि बंदुकींवरील रंगीत नक्षीकडे. पुढें २०२१ सालीं नव्या नांवानें खेळ परत आला, जुनें सामान नव्या खात्यांत नेण्याची सोयहि कांहीं काळ मिळाली. मग जुलै २०२२ मध्यें तो पुन्हा नाहींसा झाला व मे २०२३ मध्यें पुन्हा आला. भोंवऱ्याचें असें होत नाहीं.

कंपन्यांची बाजू अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सर्व्हर चालविण्यास रोजचा खर्च येतो, आणि चार माणसें खेळत असतां तो सदोदित करीत राहा असें कोणासहि सांगतां येणार नाहीं. शंभर जण एकत्र खेळावयाचा खेळ आणि एकट्यानें खेळावयाचा खेळ यांत भेद केलाच पाहिजे. आमची तक्रार दुसऱ्या जातीच्या खेळाबद्दल आहे, आणि त्याहून अधिक 'खरेदी' या शब्दाबद्दल. भाड्यानें घेतलेल्या घरास कोणी आपलें घर म्हणून पैसे मोजीत नाहीं. कॅलिफोर्निया संस्थानांत १ जानेवारी २०२५ पासून या शब्दापुरता कायदा झाला आहे: विकणारा जी डिजिटल वस्तु मागाहून काढून घेऊं शकतो, तिच्यासंबंधीं 'खरेदी' म्हणावयाचें तर हा केवळ परवाना आहे असें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगितलें पाहिजे. कायदा लहान आहे. पण निदान खरें बोलावयास लावणारा आहे.

कोणी म्हणेल, पोरांचा खेळ गेला, काय बिघडलें? एके काळीं सिनेमाविषयींहि असेंच बोलत. हिंदुस्थानांतील पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत मॅजेस्टिक थिएटरांत झळकला, आणि आज त्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. करमणुकीचा जिन्नस म्हणून कोणीं जपला नाहीं. आतां अभ्यासक हळहळतात. व्हिडिओ गेमची स्थिति फार निराळी नाहीं. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली, तेव्हां २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ बाजारांत कोठेंच मिळत नाहींत असें आढळलें. ज्या खेळांत चित्रकार, संगीतकार, गणिती व कथालेखक यांची वर्षांची मेहनत ओतलेली आहे, त्यांची ही गत.

पालकांनीं खेळ घेऊन देतांना त्याची किंमत व वयाची खूण पाहावी, हें सर्वच सांगतात. त्याबरोबर आणखी एक गोष्ट मुलाकडूनच विचारून घ्यावी, कारण ती त्यास अधिक कळते: इंटरनेट नसतां हा खेळ चालतो काय? ज्या ठिकाणीं खेळ कुलूपाशिवाय मिळतात अशीं दुकानेंहि आहेत. पोलंडमधील 'गॉग' हें २००८ पासूनचें दुकान खेळाची पुरी प्रत गिऱ्हाइकाच्या संगणकावर ठेवूं देतें. आणि कुलूप काढणें अशक्य आहे असेंहि नव्हे. 'द क्रू' बंद झाल्यावर जो बोभाटा झाला, त्यानंतर युबिसॉफ्टनेंच सप्टेंबर २०२४ मध्यें जाहीर केलें कीं त्याच मालेंतील पुढील दोन खेळ सर्व्हरशिवाय खेळण्याची सोय आपण करून देणार आहोंत. पहिल्या खेळास मात्र ती मिळाली नाहीं.