गुडघ्याचे ‘भान’ एकदाच मोजून कसे चालेल?

समजा, प्रताप नगरातला एक कबड्डीपटू आहे. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, काही महिने व्यायाम झाले. फिजिओथेरपीच्या कागदावर नोंद आली: ‘चूक ५ अंशांवरून ३ अंशांवर’. घरचे खूश, पोरगा मैदानात उतरायला तयार. माझे म्हणणे, जरा थांबा. हे दोन अंश गुडघ्याने कमावले की मोजमापाने?

डोळे मिटूनही आपला पाय किती वाकला आहे, हे आपल्याला कळते. स्नायू, लिगामेंट आणि सांध्याच्या आवरणातून मेंदूकडे सतत निरोप जात असतात. लाइट गेल्यावर आपण जिना उतरतो तो याच भरवशावर. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेसाठी वापरलेली संज्ञा आज ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हणून रूढ आहे. लिगामेंट फाटले किंवा गुडघा झिजला, की ती मंदावू शकते.

ती मोजताना रुग्णाला टेबलाच्या कडेवर बसवून डोळ्यांवर पट्टी बांधतात. पाय ठरावीक कोनात, समजा ४५ अंशांवर, काही सेकंद धरून खाली सोडतात आणि ‘आता तिथेच आणा’ म्हणतात. जो फरक पडेल ती चूक. निरोगी माणूसही काही अंशांनी चुकतोच.

घोळ इथेच आहे. गोनिओमीटर हा दोन पट्ट्यांचा कोनमापक हातानेच लावायचा असतो. तो जरा सरकला तरी आकडा काही अंशांनी बदलतो. म्हणजे जेवढे मोजायचे, जवळपास तेवढीच मापाची चूक! धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे हे झाले. त्यात आकडेमोडीची गंमत वेगळीच. एकदा ४ अंश जास्त, एकदा ४ अंश कमी. सरासरी शून्य, गुडघा पास. म्हणून अधिक-उणे बाजूला ठेवूनच सरासरी काढायला हवी.

लाखोंचे यंत्र हवेच असे नाही. नडगीला घट्ट बांधलेला मोबाइलही कल दाखवतो. फक्त तो दर वेळी त्याच जागी हवा. मोजणारी व्यक्ती तीच, बसण्याची पद्धत तीच, पाच-सहा प्रयत्न, आणि तेही व्यायामाआधी, कारण थकलेला पाय जास्त चुकतो. बसून घेतलेला आकडा उभ्याने घेतलेल्या आकड्याशी ताडू नये.

आणि मुख्य म्हणजे, उपचार सुरू करण्यापूर्वी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. गुडघा तोच असताना आकडा ३ अंशांनी हलला, तर पुढची २ अंशांची ‘सुधारणा’ कशाच्या जोरावर मानायची? हे विचारायला रुग्णाने संकोचू नये; पैसे आणि गुडघा, दोन्ही त्याचेच आहेत.