सांध्यांचे औषध लिहिता, मग लस का लिहीत नाही?

घरात आमवाताचा किंवा ल्युपसचा रुग्ण असला की एक सल्ला हमखास मिळतो. "ती औषधं घेऊ नकोस, प्रतिकारशक्ती जाते." आणि हाच सल्लागार दुसऱ्या दिवशी कुठल्याशा गावाहून सांधेदुखीची पुडी आणून देतो. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत. दोन दिवसांत सूज उतरली की तिची ख्याती मोहल्लाभर होते. इतक्या झटपट सूज उतरवणाऱ्या बेनामी पुडीत स्टिरॉइड असल्याची दाट शंका घ्यावी, हे मात्र कोणी सांगत नाही.

या आजारांत प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या शरीरावर उलटते. म्हणून तिला आवर घालावा लागतो. मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी हेच काम करते. त्याने संसर्गाचा धोका वाढू शकतो, हे खरे. पण मोकाट सुटलेला आजारही तो वाढवतो आणि दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड तर फारच. आपल्याकडे भीती उलटी आहे. मेथोट्रेक्सेटची धास्ती आणि स्टिरॉइडची सवय! 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडचा बेसुमार वापर आणि अनियंत्रित मधुमेह यांच्या संगतीने काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती डोळे आणि जबडे नेले, ते आपण इतक्या लवकर विसरलो?

पण सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणाऱ्यांशीही माझे भांडण आहे.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. कितीतरी जणांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. त्यांना कोंडून ठेवणाऱ्या भिंतीचा एक आधार म्हणजे टीएनएफ हे रसायन. तेच रोखणारी बायोलॉजिक इंजेक्शने दिली की भिंत ढासळू शकते. हे 2001 पासून वैद्यकाला ठाऊक आहे. म्हणून इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा इग्रा चाचणी हवीच. झोपलेला क्षय सापडला तर प्रतिबंधक गोळ्या सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवी. घाईच्या ओपीडीत हे राहून जाते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

लसींचे तर विचारूच नका. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी. या लसींत जिवंत जंतू नसतात, म्हणून या रुग्णांना त्या चालतात. जिवंत जंतूंच्या लसी सहसा टाळायच्या. जमेल तेव्हा लस औषध सुरू होण्याआधीच द्यावी, कारण रिटुक्सिमॅबनंतर कित्येक महिने लसीला शरीर नीट दाद देत नाही. पण सरकारी लसीकरण म्हणजे मुले आणि गरोदर बाया. प्रतिकारशक्ती दबलेल्या प्रौढाने या लसी स्वतःच्या खिशातून घ्यायच्या.

यावर ठरलेले उत्तर येते: "आपले लोक लस घेत नाहीत हो." साफ खोटे. हजला जाणारा प्रत्येक यात्रेकरू मेंदूज्वराची लस निमूट घेतो. त्याशिवाय प्रवासच नाही. शिबिर लागते, तारीख कळते, कार्ड मिळते, सत्तरीतले आजी-आजोबा रांगेत उभे राहतात. म्हणजे अडचण लोकांच्या श्रद्धेत नाही, व्यवस्थेच्या अनास्थेत आहे. त्याच शिबिरांत पोलिओचे थेंबही देतात आणि ते जिवंत विषाणूंचे असतात. आमवाताच्या औषधांवर असलेल्या यात्रेकरूने तिथे आपल्या गोळ्या दाखवून पोलिओचे इंजेक्शन मागावे. पण हे त्याला सांगायचे कोणी?

म्हणून मागणी साधी आहे. डॉक्टरांनी ज्या कागदावर मेथोट्रेक्सेट लिहिले, त्याच कागदावर तपासण्या आणि लसी लिहाव्यात. औषध दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणे बंद करावे. कायदाही तेच सांगतो. सरकारने या रुग्णांना लसी मोफत द्याव्यात. फुफ्फुसाच्या संसर्गाने आयसीयूत गेलेल्या रुग्णाच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही.

आणि रुग्णांनो, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मेथोट्रेक्सेट आणि बायोलॉजिक काही दिवस थांबवावे लागू शकते; स्टिरॉइड मात्र एकदम कधीच तोडायचे नसते. हा निर्णय शेजाऱ्याचा नाही. पुडीवाल्याचा तर मुळीच नाही.