काखेत कळसा आणि ओट्सची बिस्किटे

पाककृतींच्या पानांना अलीकडे एक नवा नायक सापडला आहे. त्याचे नाव ओट्स. ओट्सचा उपमा झाला, धिरडी झाली, आणि आता शिकणाऱ्या मुलांसाठी ‘झटपट आणि पौष्टिक’ अशी ओट्सची बिस्किटे आली. परगावी वसतिगृहात राहणारी मुले, नोकरी करणाऱ्या आया आणि संध्याकाळची पाचची भूक या तिघांचीही त्यात सोय होते. ओट्सशी माझे भांडण नाही. त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू रक्तातले कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत करतो, हे शास्त्राला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच, की हीच पाककृती मुलचेऱ्याच्या एखाद्या माउलीने वाचली तर तिने काय करावे?

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातला जंगलातला तालुका. १९८२ साली हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. इथले शेत भाताचे, बांधावर जवस-तीळ आणि भोवताली मोहाची झाडे. घरात भट्टी नाही आणि ओट्सचा पुडा घ्यायचा तर त्या पैशात दोन दिवसांचा भाजीपाला येतो. मग लेकराच्या हाती पाच-दहा रुपयांचे चटकदार पाकीट पडते. मीठ, तेल आणि हवा यांचा तो संसार! शहरातल्या मुलाला ओट्स आणि जंगलातल्या मुलाला कुरकुरीत हवा, अशी ही वाटणी झाली आहे. ती मला डाचते.

खरे तर बिस्किटातली हुशारी ओट्समध्ये नसून रीतीत आहे. भरड धान्य, गूळ, थोडे तूप आणि मंद आच. ही रीत कोणत्याही घरी चालते. दोन वाट्या ओट्स मिक्सरमधून भरड काढा. नसतील तर ज्वारीचे किंवा तांदळाचे भाजलेले पीठ घ्या. त्यात वाटीभर कणीक, वाटीभर चिरलेला गूळ, अर्धी वाटी पातळ केलेले तूप, चमचाभर भाजलेले तीळ, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घाला. दुधाच्या हाताने गोळा होईल इतपत मळा. जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरून वर जाळी ठेवा, झाकण घालून दहा मिनिटे तापू द्या. मग तूप लावलेल्या ताटलीत चपट्या वड्या मांडून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवा. गरम असताना मऊ लागतात, गार झाल्या की खुटखुटीत होतात. आपल्या आज्या नानकटाई अशीच करत. हवाबंद डब्यात आठवडाभर सहज टिकतात. मात्र गूळ-तूप घातलेला पदार्थ ओट्समुळे औषध होत नाही. दोन वड्या म्हणजे दोनच.

आता मोहाकडे येतो. फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली गळतात. बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात आणि उन्हात वाळवतात. आपल्याला मोह म्हटले की दारूच आठवते. पण फूल मुळात गोड अन्न आहे. वाळलेली फुले निवडून, मंद भाजून, तीळ किंवा शेंगदाण्यांबरोबर कुटली की लाडू आपसूक वळले जातात, गुळाचीही गरज पडत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. मोहफुले गोळा करण्यावरचे, बाळगण्यावरचे आणि वाहून नेण्यावरचे निर्बंध मात्र राज्य सरकारने उठवले ते थेट २०२१ साली. म्हणजे इतकी वर्षे स्वतःच्या झाडाचे फूल घरी ठेवायलाही आदिवासी माणूस बिचकत होता. जो पदार्थ बाळगायची भीती, तो मुलाच्या डब्यात अभिमानाने कसा जाणार?

याच तालुक्यात आणखी एक स्वयंपाकघर आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे १९६०च्या दशकात आजच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत वसवली गेली. त्यांची मुडी म्हणजे आपले मुरमुरेच. मोहरीचे तेल, कांदा, मिरची घातली की न्याहारी झाली, आणि गुळाच्या पाकात वळले की मोआ झाला. भाताच्या मुलखात भाताचाच खाऊ! शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन समाजांच्या चुलींवर इतके शहाणपण शिजत असताना आपण पौष्टिकपणा पुड्यात शोधतो, याला काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात.

माझी अर्धी हयात बँकेत गेली. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून पापड-लोणच्यांचे कितीतरी कर्जप्रस्ताव मी वाचले. बायकांना करायला येत नाही असे कधीच नव्हते. त्या वेळेवर हप्तेही भरत. अडत होते ते विक्रीपाशी. प्रदर्शनात चार दिवस माल खपे आणि पाचव्या दिवशी डबे परत घरी.

गिऱ्हाईक तर दाराशीच उभे आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे आणि अंगणवाड्या यांना रोज खाऊ लागतो. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडून काम घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली, फलक लागले. आता एवढेच करावे: मुलचेऱ्यातल्या गटांनी केलेला मोहाचा लाडू, तिळाची वडी आणि मुरमुऱ्याचा मोआ आठवड्यातून दोनदा त्याच तालुक्यातल्या मुलांच्या ताटात यावा आणि पैसे महिन्याच्या महिन्याला गटाच्या खात्यात जमा व्हावेत. स्वच्छता तपासा, वजन तपासा, पण खरेदी तिथेच करा.

आणि शहरातल्या आई-बाबांनी? ओट्सची बिस्किटे खुशाल करा. फक्त मुलांना जवळ बोलवा, पीठ त्यांच्याच हाताने मळू द्या. मुलग्यांनाही. ज्याला स्वतःची भूक स्वतः भागवता येते, तो परगावी कुठेही उपाशी राहत नाही आणि पाकिटालाही बांधला जात नाही.