कॉन्टेसा, नाथांची पोथी आणि ‘ओरिजिनल’चा हट्ट

“सर, किती करायचं?” कॅम्प नंबर चारमधल्या मिस्त्रींनी विचारलेला हा प्रश्न गेले सहा महिने आमच्यात भांडणे लावतो आहे. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. एक उल्हासनगरचा, एक अंबरनाथचा, एक बदलापूरचा. आमच्यापैकी बदलापूरकराने नव्या स्कूटरच्या किमतीत १९९२ सालची एक कॉन्टेसा विकत घेतली. जुलै २०१९मध्ये उल्हास नदीचे पाणी ज्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरले, त्यांपैकी एकीत ती उभी होती. दारांच्या आतल्या अस्तरावर गाळाची रेघ आजही स्पष्ट दिसते. उजवा मडगार्ड कधीतरी ठोकून सरळ केलेला, मागच्या आसनाला जीन्सचे कापड शिवलेले (हे काम कॅम्प पाचमधले असणार, शिवण पाहून कळते), आणि डॅशबोर्डवरचे एक बटण चक्क घरातल्या पंख्याचे.

गाडी आणली त्या आठवड्यापासून सल्लागारांची रीघ लागली. त्यांचे दोन पंथ आहेत आणि दोन्हींविषयी आमची तक्रार आहे.

पहिला पंथ ‘ओरिजिनल’वाल्यांचा. गाडी पत्र्यापर्यंत खरवडा, जीन्सचे आसन फेकून द्या, कंपनीच्या रंगाचा नेमका क्रमांक शोधा, आणि ती उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवसावर नेऊन ठेवा. दुसरा पंथ म्हणतो, बाहेरून कॉन्टेसा राहू द्या, आत नवे इंजिन, रुंद टायर, पडद्याचा स्टिरिओ. ‘मसल कार’ आहे, तिला मसल द्या. पहिल्याला गाडीची तीस वर्षे नको आहेत आणि दुसऱ्याला गाडीच नको आहे.

दुसऱ्या पंथाचा निकाल लवकर लागतो. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातील निर्मात्याच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचेच तर नोंदणी अधिकाऱ्याकडून ते रीतसर नोंदवून घ्यावे लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीसाठी कल्याणच्या आरटीओत न्यावी लागते, हेही आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी आमचा आक्षेप राहतो. मुखपृष्ठावर जुने नाव आणि आत स्वतःचा मजकूर, हा प्रकार आपण वाङ्मयात ओळखतो व त्याला प्रक्षेप म्हणतो.

पहिला पंथ अधिक प्रतिष्ठित, म्हणून अधिक घातक. त्याच्याशीच मुख्य वाद आहे.

‘ओरिजिनल’ म्हणजे काय, हा प्रश्न कॉन्टेसाच्या बाबतीत तर हास्यास्पद होतो. हिंदुस्तान मोटर्सने १९८४मध्ये ती आणली तेव्हा तिचे अंग इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरीतल्या गाडीचे होते; इंग्लंडमध्ये ती गाडी तोवर बंदही पडली होती. पोटात बसवले होते अँबेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन, सुमारे ५० अश्वशक्तीचे. भीमाच्या देहात सुदाम्याचे बळ. अमेरिकेतली मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या अंगात अवाढव्य इंजिन. आपली ‘भारतीय मसल कार’ नेमकी उलटी. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले, पाच गिअर आले, डिझेलही आले, आणि २००२मध्ये उत्पादन थांबले. यातली मूळ संहिता कोणती? जिचा जन्मच तीन देशांच्या जोडकामातून झाला, तिच्या शुद्धतेसाठी जीन्सच्या आसनावर सोवळे पाळायचे?

आणि हे जोडकाम उल्हासनगरात नाकारायचे, याला तर काय म्हणावे! १९४७नंतर फाळणीने उखडलेली सिंधी माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत आली आणि बराकींना घर म्हणू लागली. १९४९मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे ‘मेड इन यूएसए’चा विनोद महाराष्ट्रभर झाला, त्या ‘यूएसए’चा खरा विस्तार ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. विनोदात हेटाळणी होती. पण जी वस्तू मिळत नाही ती बनवायची, जी तुटली ती उपलब्ध साधनांत चालती करायची, ही या गावाची विद्या आहे. पंख्याचे ते बटण या विद्येचा पाठ आहे. ते काढून परदेशी संकेतस्थळावरून मागवलेले ‘अस्सल’ बटण बसवले, तर गाडी उत्तरपाड्याची होईल, उल्हासनगरची राहणार नाही.

आता आमच्या विषयाकडे येतो, कारण ही चर्चा आम्ही वर्गात दरवर्षी करतो, फक्त तिथे गाडी नसते. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या नकलांत साचलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि पुढे कोणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. त्यांचे उपकार मोठेच. पण जे दूर केले ते काय होते, हे आज कळायला मार्ग नाही. नाथांच्या काळी पाठभेद तळटीपेत देण्याची रीत नव्हती. दोष त्यांचा नाही. राजवाडे १९०९मध्ये नाथपूर्व म्हणून एका पोथीची ज्ञानेश्वरी छापतात आणि विद्वान तिच्या अस्सलपणावर भांडत राहतात, याचे कारण हेच, की मधले थर पुसले गेले आहेत. उलट लीळाचरित्र पाहा. म्हाइंभटांची मूळ पोथी धाडीत गेली, मग भक्तांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, आणि वेगवेगळे पाठ त्या त्या माणसांच्या नावाने ओळखले गेले. हिराइसेचा पाठ म्हटले की कोणाच्या स्मरणातून आला ते कळते. आम्हांला आमच्या गाडीत हिराइसा हवी आहे.

याचा अर्थ काहीच करू नये असा नाही. अंबरनाथकर सहकाऱ्याचा आरंभीचा आग्रह तोच होता आणि त्यावरून आमच्यात कडाक्याचे वाजले. त्याचे म्हणणे, वालधुनीकाठचे शिवमंदिर पाहा: शके ९८२चा, म्हणजे १०६०चा शिलालेख, शिलाहार राजा माम्वाणीचा काळ, गाभाऱ्यावरचे शिखर भग्न, पण उद्या कोणी ते सिमेंटने पूर्ण करायला निघाला तर आपण रस्त्यावर उतरू. मान्य. मात्र मंदिर ताशी साठच्या वेगाने काटई नाक्याकडे जात नाही. कॉन्टेसाला वेगळी चौकट नसते, तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. पुराच्या पाण्याने तळ कुजला असेल तर तो कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागेल. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, इंधनाची नळी, वायरिंग: येथे पाठचिकित्सा चालत नाही, सगळे नवे.

१९६४च्या व्हेनिसच्या सनदेत जुन्या वास्तूंसाठी दोन कलमे आहेत, ती आम्हांला पटतात. जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, हे एक. आणि गहाळ भागाच्या जागी नवा घातला तर तो एकंदरीत शोभावा, पण जुन्यापासून वेगळा ओळखू यावा, हे दुसरे. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२मध्ये तोरिनोत केलेली सनद याच वळणाची आहे. आपल्याकडे मात्र २०२१चा विंटेज नोंदणीचा नियम पुढे करून ‘ओरिजिनल’वाले धाक घालतात. तो नियम पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी आहे. आमच्या गाडीला २०४२ उजाडेल. तोवर आम्ही निवृत्त झालेलो असू. शिवाय त्या नियमात बंदी आहे ती चासी, सांगाडा आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांना. जीन्सच्या आसनाचा त्यात कुठे उल्लेख?

पैशाचाही मुद्दा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पत्र्यापर्यंत खरवडून पूर्ण काम करण्याचा अंदाज मिस्त्रींनी चार लाख सांगितला. तळ, ब्रेक, वायरिंग आणि इंजिनाची डागडुजी सव्वा लाखात होते. उरलेल्या पावणेतीन लाखांत आम्ही फक्त पुसण्याचे काम विकत घेणार होतो.

तेव्हा ठरले ते असे. तळ कापायचा. नव्या पत्र्याला आतून जुन्या रंगाचा हात द्यायचा नाही, करडा प्रायमर तसाच दिसू द्यायचा. मडगार्ड, आसन, बटण राहणार. ग्लव्ह बॉक्समध्ये दोनशे पानी वही. काय काढले, काय घातले, कोणत्या तारखेला, कोणाच्या हातून. पहिली नोंद मिस्त्रींनी स्वतः सिंधीत केली आहे, अरबी वळणाच्या लिपीत, आणि आमच्यापैकी कोणालाही ती वाचता येत नाही.

गाळाच्या रेघेवरून मात्र अजून एकमत नाही. बदलापूरकराची पत्नी म्हणते, त्या रात्री पाणी कुठवर होते ते आम्हांला गाडीत बसून रोज बघायचे नाही. तिच्या म्हणण्यावर आमच्याकडे उत्तर नाही. अस्तर सध्या काढून, गुंडाळून, माळ्यावर ठेवले आहे.